धोंड्यात मिळालेला हातोडा

तांदूळ तीन दिवस भिजले की त्यांना एक आंबूस वास सुटतो. यंदा तो ऐन उन्हाळ्यात सुटला. शेजारणीच्या गच्चीवर जुन्या धोतरावर तांदूळ पसरलेले दिसले आणि मी हातातली बादली खाली ठेवली. अधिक महिना लागला होता. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. दर तिसऱ्या वर्षी येतो. त्यात लग्न नाही, वास्तू नाही, नवं काही सुरू करायचं नाही. करायचं ते फक्त जावयाचं कौतुक. लेक-जावई जेवायला येतात, पुरण भरलेले धोंडे वाढले जातात, आणि तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, वर तुपाचा दिवा, असं वाण जावयाच्या हातात पडतं.

मला मुलगी नाही, म्हणून जावई नाही. तरी या महिन्याची मी जितकी वाट पाहिली तितकी आमच्या भागातल्या कुठल्या जावयानं पाहिली नसेल. मागच्या धोंड्यात माझा जो मान गेला तो या धोंड्यात परत घ्यायचा, असं मी ठरवलं होतं. मी याद्या करणारी बाई आहे. किराण्याची करते, आहेराची करते, गावाला निघताना बंद करायच्या खिडक्यांचीही करते. अपमानही लिहून ठेवते. नाहीतर माणूस विसरतो, आणि विसरला की लोक त्याला मोठ्या मनाचा म्हणतात. मला तेवढं मोठं मन नको आहे.

नांदेडहून लातूरला जाताना अहमदपूरच्या अलीकडे, रस्त्याला लागून आमचा पार्क आहे. आमचा म्हणजे अण्णांचा. त्यांनी सोयाबीनच्या रानात पहिला पाळणा उभा केला तेव्हा त्याचे नटबोल्ट मोजून घ्यायला मीच होते. मग झुकझुक गाडी आली, ड्रॅगन आला, कोलंबस नावाची ती मोठी डोलणारी होडी आली. मी पहिल्या दिवसापासून व्यवस्थापक. सगळे मला मॅडम म्हणायचे. अण्णा तेवढे सुनंदाबाई म्हणायचे.

सोयाबीन निघालं की आमच्याकडे माणसं येतात. हदगावकडून टेम्पो भरून, मुरुडकडून जीप करून. एका गाडीत चौदा-पंधरा जण. आल्याबरोबर लिंबाखाली सतरंजी पडते, भाकरीचं गाठोडं सुटतं, शेंगाच्या चटणीचा वास येतो, एक लेकरू झोपलेलंच असतं. मग पोरं आणि बाप्ये पाळण्याकडे धावतात, आणि बाया चपला गोळा करतात.

मागच्या धोंड्याच्या आधीचा अख्खा हंगाम मी वही घेऊन पाळण्यांखाली उभी होते. नवा खेळ कोणता घ्यायचा ते ठरवायचं होतं, आणि यादी अण्णांनी मलाच करायला सांगितली होती. बसणाऱ्यांना काय आवडतं हे सगळेच विचारतात. मी खाली उभ्या राहणाऱ्यांना विचारलं, का नाही बसलात? उत्तरं साधी होती. लुगडं अडकतं. पायरी उंच हाय. तान्हं निजलंय. सासरे बसलेत म्हणून मी कशी बसू. पिशव्या कुठं ठेवू. एका आजींनी मलाच उलट विचारलं, "बाया बी बसतात व्हय त्याच्यात?"

हे विचारावं असं मला सुचलं, ते काही हुशारीनं नाही. लहानपणी हदगावला जत्रेत आकाशपाळणा यायचा. लाकडी, चार माणसांनी ढकलून फिरवायचा. तेलाचा आणि शेणाचा एकत्र वास यायचा त्याला. आम्ही पाच भावंडं बसायचो, आई खाली. पाळणा वर गेला की मला ती दिसायची. पाच जोड चपला छातीशी धरलेल्या, मान मागे टाकलेली, तोंड थोडं उघडं. खाली आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "आपलं घर दिसलं का गं?" मी म्हटलं, दिसलं. दिसलं नव्हतं. मी सगळा वेळ तिच्याकडेच बघत होते. ती पुढे कधीही पाळण्यात बसली नाही, आणि आता बसवायला ती नाही.

म्हणून माझ्या यादीत पहिला खेळ होता बसका पाळणा. जमिनीच्या बरोबरीला येणारा, पायरी नसलेला, बंद डब्यांचा, आठ जण गुडघ्याला गुडघा लावून बसतील असा. दार एवढं रुंद की लुगडं सावरत, लेकरू कडेवर घेऊन, पिशवीसकट आत जाता यावं. हळू फिरणारा. वर गेल्यावर घटकाभर थांबणारा.

तो अधिक श्रावण होता. अण्णांच्या घरी धोंड्याचं जेवण उरकलं होतं, पडवीच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता, आणि हाताला अजून पुरणाचा, वेलदोड्याचा वास होता. जावईबापू लोडाला टेकून बसले होते, कपाळावर ओलं कुंकू, मांडीशी वाणाचं ताट. लातूरला त्यांचा शिकवणीचा क्लास होता. तो भावाकडे सोपवून ते नुकतेच पार्कात लक्ष घालू लागले होते. अण्णा म्हणाले, "सुनंदाबाई, वाचा तुमची यादी." मी उभी राहून वाचायला लागले. पायरीच्या मुद्द्यापर्यंत आले आणि जावईबापू हसले.

"मॅडम, ही खेळाची यादी हाय का किराण्याची? बसका पाळणा म्हणं! माणूस पार्कात बसाया येतो का भ्यायला?"

त्यांनी मोबाइल फिरवून सगळ्यांना दाखवला. एक भला मोठा लोखंडी दांडा, टोकाला खुर्च्या, आणि दांडा गरगरा फिरून माणसांना खाली डोकं वर पाय टांगत होता. खेळाचं नाव हातोडा.

"लातूरला क्लासची पोरं किती हायत, अण्णा. कटाळून राहिलीत अभ्यासाला. दर रविवारी हितं रांग लागंल बगा."

"रविवारी त्यांच्या टेस्ट असतात," मी म्हटलं. "तुम्हीच घेता. आणि यात लुगडं चालणार नाही. टेम्पोतून येणाऱ्या बायांनी काय करायचं?"

"काय करायचं म्हंजे? पिशव्या धरायच्या. पिशव्या धरायला कुणीतरी लागतंच की."

सगळे हसले. अण्णा हसले, त्यांची लेक हसली, भांडी उचलायला आलेली बाई हसली. मी यादीची घडी घातली. दोन घड्या. मला आठवतं, कारण दुसरी घडी तिरकी पडली आणि मी ती पुन्हा नीट केली.

अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "धोंड्याचा म्हयना हाय. जावयानं मागितलं अन् सासऱ्यानं न्हाई म्हटलं, हे आपल्यात बसत न्हाई. खेळणंच मागून राहिलेत, देऊ."

जावयाला अंगठी दिलेली मी पाहिली आहे, गाडी दिलेली ऐकली आहे. माणसांना उलटं टांगणारा हातोडा दिलेला पहिल्यांदाच पाहिला. अधिकात नवी वस्तू घेऊ नये म्हणतात, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पडतोय त्याला पडू द्यावं, असं तेव्हाच ठरवून टाकलं.

पुढच्या सोमवारी जावईबापू कार्यालयात आले आणि म्हणाले, "मावशी, तुम्हाला पिशव्यांची लई काळजी. तुम्ही पिशव्यांचं काउंटरच सांभाळा." एका आठवड्यात मी मॅडमची मावशी झाले. मावशी या शब्दाला माझी हरकत नाही. माझ्या बहिणीची लेकरं मला तेच म्हणतात. पण ते माझ्या बहिणीचे कोणी नव्हते. काउंटर म्हणजे फाटकाशेजारची पत्र्याची टपरी, मागे लाकडी खणांची भिंत, पुढे एक स्टूल. माझा मुलगा चिडला. म्हणाला, "सोडून दे ना." मी म्हटलं, मी सोडून गेले तर बघायला कोण राहील?

दिवाळीनंतर हातोडा उभा राहिला. त्याच्यापुढच्या पाटीचा मजकूर रंगाऱ्याला मीच सांगितला, कारण सूचना वाचायचा कंटाळा मी सोडून सगळ्यांना आहे. साडी नको, लुगडं नको, धोतर नको, फेटा नको, ओढणी नको. बीपी, शुगर, गरोदर, ठेंगणे, म्हातारे नकोत. रंगारी ब्रश धरून थांबला आणि म्हणाला, "मग मॅडम, बसायचं कुणी?" तो एकटाच अजून मॅडम म्हणत होता. त्याचं नाव मी वहीत चांगल्या बाजूला लिहिलं.

हातोड्याला निम्म्या खुर्च्या तरी भरलेल्या लागत. भोंग्यावरून सारखं ऐकू यायचं, "आजून सा जण या! आजून सा जण!" हदगावच्या टेम्पोतले गडी पाटी वाचायचे, एकमेकांच्या फेट्याकडे बघायचे आणि कोलंबसकडे वळायचे. क्लासची पोरं एकदा आली. एकानं खाली उतरून लिंबाच्या बुंध्याशी ओकारी काढली, मग खिशातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला आणि सूत्रं पाठ करत बसला. पुन्हा ती आली नाहीत. रविवारी टेस्ट होती. एकदा तर जावईबापूंनी झाडणाऱ्या माणसांना खुर्च्यांत बसवून हातोडा फिरवून दाखवला. दुपारच्या उन्हात ते चौघे-पाचजण आकाशात उलटे लटकलेले, हातातल्या झाडण्या खाली पडून राहिलेल्या. मी स्टुलावर बसून शेंगा खात होते. त्या शेंगांची चव मला अजून आठवते. खारवलेल्या होत्या.

काउंटरवर टोकनची वही असते. गाव, काय ठेवलं, टोकन. मी त्यात चौथा रकाना आखला : का बसला नाहीत. कुणी सांगितलं नव्हतं. लोक सांगायचे, मी लिहायचे. तीन वर्षांत चार वह्या भरल्या. लुगडं. गुडघे. पाटी वाचली. हे म्हणाले, तू राह्य खाली. कोण बघंल बाई. लेकराला घेत न्हाईत. तेच तेच लिहून हात दुखायचा, पण एकही ओळ मी "वरीलप्रमाणे" म्हणून सोडली नाही.

आणि मग विहीणबाई आल्या. जावईबापूंच्या आई. मुरुडच्या, काळ्या रंगाच्या, ठेंगण्या, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. नातवंडांना घेऊन आल्या होत्या. पिशवी माझ्यापुढे ठेवली आणि हातोड्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आमच्या पोराचा खेळ हाय त्यो. बघाया आले." मी चौथ्या रकान्यात त्यांच्याच तोंडचं लिहिलं. पोरं ड्रॅगनकडे पळाली. बाई माझ्या स्टुलाशेजारी पायरीवर टेकल्या.

"तुमी बी बसत न्हाई का कशात?"

"मी पिशव्या धरते."

"मी बी त्येच करते जलमभर," त्या म्हणाल्या आणि स्वतःच खदखदून हसल्या. मला हसू आलं नाही. मला वहीचं पान दिसत होतं.

त्या नऊ वेळा आल्या. दर खेपेला कारण थोडं बदललं. पाटीवर लुगडं चालत न्हाई म्हणं. पुढल्या बारीला बसन. पोरगा म्हणला, आई, तू नगं. नवव्या खेपेला त्या एवढंच म्हणाल्या, "आता सवय झाली बगा." इथे एक गोष्ट कबूल करते. झुकझुक गाडी बसकी आहे. तिच्यात बाईंना बसवणं माझ्या हातात होतं. एक हाक मारली असती तर गाडीवाल्यानं डबा समोर आणून थांबवला असता. मी हाक मारली नाही. मला नोंदी हव्या होत्या. त्या माझ्याशी गोड बोलायच्या, गुळाच्या पोळ्या आणायच्या, आणि मी पोळी खाऊन त्यांची नोंद करायची. याबद्दल मला कधीतरी लाज वाटेल. अजून वाटलेली नाही.

गेल्या दिवाळीनंतर अण्णा स्वतः टपरीपाशी आले. सव्वादोन वर्षांत पहिल्यांदा. "सुनंदाबाई, माणसं येत्यात, लिंबाखाली बसत्यात अन् जात्यात. हातोडा नुसता उभा हाय. आता जावईबापू म्हणतात याहून उंच काहीतरी आणू. काय करावं?"

"वही वाचते," मी म्हटलं. "पण सगळ्यांसमोर. जिथं यादी वाचली होती तिथं."

तीच पडवी होती. पाऊस नव्हता, थंडी होती, तुरीच्या शेंगा उकडल्याचा वास येत होता. जावईबापूंपुढे रंगीत पुस्तक उघडं होतं, त्यात जुन्या हातोड्याचा थोरला भाऊ. मी वाचायला लागले. गाव हदगाव, दोन पिशव्या, एक डबा, लुगडं. गाव अहमदपूर, दुपटं आणि चपला, तान्हं निजलंय. मी घाई केली नाही. जावईबापूंनी जांभई दिली. मग मी खुणेचं पान उघडलं.

"गाव मुरुड. एक पिशवी. पोराचा खेळ आहे, बघायला आले." पान उलटलं. "गाव मुरुड. एक पिशवी. पोरगा म्हणाला, आई, तू नको." पान उलटलं. "गाव मुरुड. एक पिशवी. आता सवय झाली."

"एकच बाई दिसते," अण्णा म्हणाले. "कोण हाय?"

"तुमच्या विहीणबाई. नऊ वेळा आल्या. एकदाही कशात बसल्या नाहीत."

जावईबापूंची जांभई अर्ध्यात मिटली. त्यांच्या बायकोनं त्यांच्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "आईनं मला कधी सांगितलं न्हाई," ते म्हणाले. अण्णांनी रंगीत पुस्तक मिटलं आणि उशीखाली सरकवलं. "तुमचा त्यो बसका पाळणा मागवा," ते म्हणाले. "जुनीच यादी हाय ना?" माझ्या पर्समध्ये होती. दोन घड्यांची, दुसरी घडी सरळ केलेली.

मी जिंकले होते. पण हिशेब पुरा झाला नव्हता, कारण जाताना जावईबापू चपला घालत म्हणाले, "मावशी, हे माझ्या कानात सांगता आलं असतं." आलं असतं. मलाही माझा मान कानात काढून घेतला असता तर चाललं असतं.

पाळणा चैत्रात आला. नट मोजून घेतले, दाराची रुंदी टेपनं मोजली, आणि एक लुगडं नेसलेली बाई कडेवर लेकरू घेऊन आतबाहेर करून बघितली. ती बाई मीच. लेकरू म्हणून भाच्याचा पोरगा घेतला होता. आणि मग धोंड्याचा महिना लागला. अधिकात उद्घाटन नको म्हणून पुढच्या महिन्यावर टाकलं, पण अण्णा म्हणाले की चाचणी घ्यायला काय हरकत आहे. म्हणून यंदाचं धोंड्याचं जेवण पार्कातच, सोमवारी, पार्क बंद ठेवून. विहीणबाईंना खास बोलावणं गेलं.

लिंबाखाली पंगत बसली. ऊन असं की सतरंजीही भाजत होती. धोंडे झाले, ओवाळणं झालं, जावईबापूंच्या हातात वाण पडलं. तांब्याचं ताट, तेहतीस अनारसे, जाळी नीट पडलेली, वर दिवा. दिवा वाऱ्यानं लगेच विझला. मग सगळे पाळण्याकडे निघाले. डबा समोर येऊन जमिनीलगत थांबला. अण्णा चढले, लेक चढली, नातवंडं चढली, रंगारीही चढला. त्याला मी बोलावलं होतं. विहीणबाई दाराशी थांबल्या. सवयीनं त्यांचा हात लोकांच्या चपलांकडे गेला.

"तुम्ही आत," मी म्हटलं. "आज बसायचं तुम्ही."

त्यांनी वळून मुलाकडे पाहिलं. मग काखेतली पिशवी काढली, त्याच्या ताटाखाली कोपरात अडकवली, चष्म्याचं घर वर ठेवलं आणि म्हणाल्या, "धर रं जरा." आणि लुगडं न उचलता, पाय न अडखळता आत गेल्या. दार लागलं.

जावईबापू माझ्या टपरीशी आले. "मावशी, एवढं ठेवून घ्या. मी मागल्या डब्यात बसतो."

"जागा नाही."

त्यांनी माझ्या मागे पाहिलं. पार्क बंद होता. सगळे खण रिकामे होते, पुसून ठेवलेले.

"आवो, सगळं रिकामंच तर हाय."

"चपलांचे खण आहेत ते. धोंड्याचं वाण चपलांत ठेवता का, जावईबापू?"

आदल्याच दिवशी तिसऱ्या खणात मी एका बाईचा तुळजापूरचा प्रसाद ठेवला होता, ताटासकट. हे त्यांना माहीत नव्हतं. असतं तरी मी तेच बोलले असते. वाण जमिनीवर टेकवता येत नाही, अनारसे सांडतील म्हणून हलत्या डब्यात नेता येत नाही, सासऱ्याच्या डोळ्यादेखत कुणा नोकराच्या हातात देता येत नाही. मग ते पाळण्याखाली जाऊन उभे राहिले. दोन्ही हातांत ताट, कोपरात पिशवी, मान मागे टाकलेली, तोंड थोडं उघडं.

पाळणा वर जाऊन थांबला. वरून आवाज आला, "अगं बया! हिकडून पार शिरूर दिसतंय का काय!" आणि मग बराच वेळ नुसतं हसणं. अण्णांचं, पोरांचं, आणि त्यांच्या वर बाईंचं. मी इतकी वर्षं माणसांना पाळण्यात हसताना ऐकलं आहे, पण मुरुडच्या एका गावठी बाईचं ते हसू मला माझ्या वाट्याचं वाटलं. कुणाला पटो न पटो.

डबा खाली आला. दार उघडलं, पण बाई उतरल्या नाहीत. तिथूनच मुलाला म्हणाल्या, "लई बारका दिसत व्हतास रं वरून. मुंगीएवढा." आणि पाळणेवाल्याला, "आजून येक चक्कर."

मी टपरीत बसले, वही उघडली आणि आजची तारीख घातली. गाव : लातूर. सामान : एक ताट, एक पिशवी, चष्म्याचं घर. टोकन : नाही. जावईबापू कठड्याला टेकून उभे होते, घाम भुवयांवरून अनारशांवर पडेल म्हणून मान तिरकी करत. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "काय लिहून राहिलात, मॅडम?"

मी चौथ्या रकान्यात त्यांच्याच तोंडचं लिहिलं : पिशव्या धरायला कुणीतरी लागतंच की.